फिल्टरमधला कार्बन आणि विहिरीतला झिओलाइट

तासगावच्या आमच्या दाजींनी बोअरच्या पाण्याला फिल्टर बसवला, विकणारा म्हणाला आत कार्बन आहे, क्षार सगळे ओढून घेतो. सहा महिन्यांत गिझरच्या कॉइलवर पांढरा थर परत हजर. यात कार्बनची काय चूक, त्याचं ते कामच नव्हतं ना.

ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि झिओलाइट नावाचं खनिज, दोन्हींत नॅनोमीटरच्या (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) मापाची भोकं, दोन्ही घाण धरतात, म्हणून लोक एकच समजतात. कार्बन म्हणजे नारळाच्या करवंट्यांचा वगैरे कोळसा करून 800-1000 अंशांवर वाफ मारायची, ती कोळसा कुरतडत आत बिळं पाडत जाते, लहानमोठी, वेडीवाकडी. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये हजारेक चौरस मीटर पृष्ठभाग निघतो, म्हणजे चिमूटभर भुकटीत दहा गुंठे रान! त्यावर वास, रंग, कीटकनाशकं चिकटतात, क्लोरीनही जातो, पण विरघळलेला कॅल्शियम त्याच्या अंगावरून निवांत पुढं जातो.

झिओलाइट हा सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजनचा स्फटिक, भोकं ठरलेल्या मापाची, 4ए म्हणतात त्यात साधारण 0.4 नॅनोमीटर. शिवाय सांगाड्यावर ऋणभार, तो भागवायला आत सोडियम बसलेला, कॅल्शियम आला की सोडियम जागा सोडतो, कॉइलवर थर धरणारे क्षार कमी होतात ते असे. आजकाल घरच्या सॉफ्टनरमध्ये, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या यंत्रात, रेझिन (प्लॅस्टिकसारखे बारीक मणी) असतं पण गणित हेच, आणि मिठाच्या पाण्यानं धुतलं की परत तयार. 2021 मध्ये जे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आपण शोधत फिरलो त्यातपण झिओलाइटच, दाबाखाली हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं (चाळून नाही बरं का, आतल्या भारामुळं तो जास्त चिकटतो).

एनर्जीत पण वाटे वेगळे, कार्बन सुपरकपॅसिटरमध्ये (वीज साठवून झटकन देणारं साधन), झिओलाइट रिफायनरीत जड तेल तोडून पेट्रोल काढायला.

आणि गंमत म्हणजे आपल्याकडं काळ्या खडकात विहीर पाडताना पोकळीत जे पांढरे, गुलाबी खडे सापडतात ना, त्यातले बरेच झिओलाइट, स्टिल्बाइट वगैरे. 1756 मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेटनं असला दगड तापवला तर आतलं पाणी उकळून बाहेर यायला लागलं, म्हणून नाव पडलं झिओलाइट, म्हणजे 'उकळणारा दगड'. दाजींच्या टीव्हीशेजारी त्यांच्याच विहिरीतला एक ठेवलाय. तो टाकीत टाकू का म्हणून विचारत होते, म्हटलं नका, सॉफ्टनर घ्या आणि मिठाचं पोतं आणून ठेवा.