एंडोमेट्रिओसिस, वक्षीय

गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक मध्यपटलावर, फुप्फुसाच्या आवरणावर किंवा क्वचित फुप्फुसातच आढळणे. ओटीपोटाबाहेरच्या एंडोमेट्रिओसिसमध्ये वक्षीय प्रकाराला विशेष महत्त्व आहे.

हे ऊतक छातीत कसे पोहोचते, याबद्दल एकमत नाही. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांच्या मते (१९२७) पाळीचे रक्त अंडनलिकांतून उलटे उदरपोकळीत जाते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात. उदरातील द्रव उजव्या कडेने वर मध्यपटलाकडे सरकतो. यकृताजवळचा दात्राकार बंध त्याला डावीकडे जाताना अडवतो. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत विकार उजवीकडे का असतो, हे यातून चांगले उलगडते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रॉबर्ट मायर यांनी देहगुहेच्या (शरीरातील पोकळीच्या) अस्तराचेच अशा ऊतकात रूपांतर होते असे मानले. त्या मताने ही उजवी बाजू स्पष्ट होत नाही. मात्र प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी इस्ट्रोजेन दिलेल्या काही पुरुषांतही एंडोमेट्रिओसिस (छातीबाहेरचा) आढळला आहे, तेथे सॅम्पसन यांचे मत अपुरे पडते. फुप्फुसातील खोल गाठींसाठी रक्तवाहिन्यांतून प्रसार मानणे अधिक योग्य.

निदानाची किल्ली पाळीच्या तारखेत आहे. पाळी सुरू होण्याच्या आधीच्या २४ तासांपासून नंतरच्या ७२ तासांपर्यंत पुन्हा पुन्हा होणाऱ्या वातवक्षाला (फुप्फुसाभोवती हवा साठण्याला) ‘कॅटामेनियल’ म्हणजे पाळीशी निगडित म्हणतात. त्याचे पहिले वर्णन बहुधा १९५८ मधील. हे नाव १९७२ पासून रूढ झाले. छातीत रक्त साठणे व खोकल्यातून रक्त पडणे ही त्यामानाने विरळ रूपे. क्षयरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या आपल्या देशात थुंकीत रक्त दिसले की आधी क्षयाचीच शंका येते. केसपेपरवर पाळीची तारीख नसेल, तर खरा धागा हाती लागतच नाही.

सीटी स्कॅन पाळीच्या दिवसांत काढून पुढे चक्राच्या मध्यात पुन्हा काढल्यास फुप्फुसातील डाग फिकट झालेला दिसू शकतो. छातीत दुर्बीण घालून पाहताना फुप्फुस पुष्कळदा निर्दोष वाटते; मध्यपटलाच्या पांढुरक्या कंडरामय भागात मात्र बारीक भोके आणि जांभळट-तपकिरी ठिपके असतात. म्हणून मध्यपटल नीट तपासलेच पाहिजे. नमुन्यात ग्रंथी व आधार-ऊतक दोन्ही मिळणे दुर्मीळ; तेव्हा इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही आणि सीडी१० (आधार-ऊतकातील पेशींवरचे एक प्रथिन) यांच्या रंजनाची मदत होते. नमुना नकारात्मक आला तरी विकार नाही असे ठरत नाही.

ओटीपोटाबाहेरच्याच बेंबीतील प्रकाराचे वर्णन फ्रेंच डॉक्टर व्हिलार यांनी १८८६ मध्ये केले. निळसर गाठ पाळीत दुखते, कधी रक्त झिरपून कपड्याला डाग पडतो. सिझेरियनच्या व्रणातही अशी गाठ होते. काढून ऊतकपरीक्षा केली की निदान पक्के होते.