बंपरला कोणते लोखंड? धातूच्या निवडीमागचा इतिहास

मुंबई-ठाण्यातल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये थार किंवा जिप्सीसाठी बंपर बनवून घ्यायला कोणी गेले, की बोलणे बहुधा पत्र्याच्या जाडीवरून सुरू होते. तीन एम.एम. घ्यायचा की पाच, एम.एस. (माइल्ड स्टील, म्हणजे साधे पोलाद) की स्टेनलेस, ॲल्युमिनियमचा खर्च परवडेल का, यावर बराच खल होतो. बंपरने नेमके काय काम करायचे आहे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. बंपरचा इतिहास पाहिला तर केवळ ताकदीच्या जोरावर धातू क्वचितच ठरलेला दिसतो. हाती कोणते लोखंड येते आणि बंपरमागे चॅसिस, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, कशी आहे, यांनीच तो बहुतेक वेळा ठरवला आहे.

ऑफ-रोड बंपरचा मूळ नमुना दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचा. तिचा पुढचा बंपर म्हणजे पोलादी चॅनेल, चॅसिसच्या दोन्ही लांब तुळयांच्या टोकांना थेट बोल्टने बसवलेला. शोभेचा त्यात लवलेशही नव्हता. अडकलेल्या गाडीला धक्का द्यावा, दोर बांधावा, दुसरी गाडी ओढून काढावी, एवढेच त्याचे काम. 1945 साली लुधियानात पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या कंपनीचे पुढे ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले, आणि तिने मुंबईत माझगावला याच जीपची जुळणी सुरू केली. त्यामुळे जीपचा बंपर सरळ करणे, त्याला टाका मारणे, त्यावर हुक जोडणे हे काम या शहरातल्या गॅरेजवाल्यांच्या हातात फार लवकर बसले. साध्या एम.एस.ची खरी थोरवी इथेच दिसते. आजच्या आयएस 2062 मानकातल्या ई250 प्रतीचे पोलाद सुमारे 250 मेगापास्कल ताणापर्यंत मूळ आकारात परत येते, त्यापुढे ते वाकते. पण तडकून तुटण्याआधी बरेच वाकते, आणि वाकलेले पुन्हा तापवून, ठोकून सरळ करता येते. घाटातल्या एखाद्या गावी, जिथे साध्या आर्क वेल्डिंगपलीकडे सोय नसते, तिथे या गुणाची किंमत कळते.

याच काळात ब्रिटनमध्ये वेगळे घडले. 1948 साली आलेल्या लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती, कारण युद्धानंतर पोलाद रेशनिंगमध्ये होते आणि विमानांसाठीचे ॲल्युमिनियम त्या मानाने सहज मिळत होते. चॅसिस मात्र पोलादाचीच ठेवली गेली आणि बंपरही जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा. टंचाईतसुद्धा ज्या भागावर धक्का आणि ओढ येणार, तिथे पोलाद सोडले गेले नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आपल्याकडची टंचाई दीर्घकाळ चालली. पोलादाच्या किमतीवर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होते, ते जानेवारी 1992 मध्ये उठले. तोवर लहान कारखानदाराला हव्या त्या जाडीची नवी प्लेट हवी तेव्हा मिळेलच, याची खात्री नसे. मग मुंबईतल्या कर्नाक बंदरच्या लोखंड बाजारात जे असेल ते, नाहीतर दारुखान्यात जहाजतोडणीतून निघालेले, अशी सोय बघावी लागे. जुन्या जहाजाची प्लेट मुळात चांगल्या प्रतीची असते, पण तिचा ग्रेड कागदावर मिळत नाही, पृष्ठभागावर खोल खड्डे पडलेले असतात आणि जुना रंग पूर्ण घासून काढल्याशिवाय झाळ (वेल्डिंगचा सांधा) नीट धरत नाही. आता कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये मिलचे टेस्ट सर्टिफिकेट असलेली प्लेट मिळते, तरीही कित्येक शेडमध्ये ‘हेवी गेज’, म्हणजे जाड पत्रा, एवढ्या वर्णनावर माल घेतला जातो. ही सवय त्या काळातून आलेली आहे आणि ती सोडायला हवी.

क्रोमचा काळ इथे थोडक्यात पुरे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेल्या पद्मिनीचे चकाकते बंपर मुंबईने टॅक्सीच्या रूपात दशकानुदशके पाहिले. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो, आणि गंज अडवण्याचे काम मुख्यतः त्याखालच्या निकेलचे. त्या थरांतल्या सूक्ष्म छिद्रांतून समुद्राची खारी हवा एकदा आत शिरली, की पत्रा आतून गंजतो आणि वरचा मुलामा फुगून पापुद्र्यासारखा निघतो.

खरे वळण आले ते अपघाताकडे पाहण्याच्या दृष्टीत. गाडीचा पुढचा भाग ठरवून चुरगळू द्यावा, म्हणजे धडकेची ऊर्जा प्रवाशांपर्यंत पोहोचण्याआधी जिरते, ही कल्पना बेला बारेनी या अभियंत्याने मांडली आणि 1959 मध्ये मर्सिडीझच्या डब्ल्यू 111 या गाडीत ती प्रत्यक्षात आली. 1972 च्या रेनॉ 5 ने प्लास्टिकचे बंपर सर्वसामान्य गाडीवर आणले. अमेरिकेत 1973 च्या मॉडेलपासून ताशी 5 मैलांची, म्हणजे सुमारे 8 किलोमीटर वेगाची धडक सोसण्याची अट आली. तेव्हापासून कारखान्यातून येणारा बंपर बाहेरून प्लास्टिकचे आवरण आणि आत चुरगळणारे धातूचे भाग, असा घडत गेला. हे आवरण काढून त्या जागी जाड पोलादी पेटी बसवली, की धडकेचा वेग आणि तीव्रता ओळखणाऱ्या एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब बिघडू शकतो, कारण तो मूळ रचनेवर बेतलेला असतो. धक्का जिरण्याऐवजी थेट चॅसिसमध्ये उतरतो, आणि समोर पादचारी असेल तर त्याच्या वाट्याला ती सगळी कठीण धार येते.

या पार्श्वभूमीवर आजची निवड पाहावी. एक चौरस मीटर पोलादी पत्रा, जाडी एक मिलिमीटर, वजन 7.85 किलो. ऑफ-रोड बंपरला दीड चौरस मीटर पत्रा धरला, तर तीन एम.एम.मध्ये सुमारे 35 किलो होतात आणि पाच एम.एम.मध्ये जवळपास 59. बंपर चॅसिसला जोडणाऱ्या ब्रॅकेट आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) वेगळी. हे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकते, त्यामुळे त्या चाकांवर वाढणारा भार प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असतो आणि स्प्रिंग दबून गाडी नाकावर येते. ॲल्युमिनियमचा पाच एम.एम. पत्रा तेवढ्याच मापात सुमारे 20 किलो भरतो, आणि त्या जाडीला तो वाकण्याच्या बाबतीत तीन एम.एम. पोलादापेक्षा उणा पडत नाही. अडचण झाळीची आहे. 6061-टी6 हा मिश्रधातू मुळात पोलादाच्या तोडीचा, पण झाळीशेजारच्या पट्ट्यात त्याची ताकद निम्म्याजवळ घसरू शकते, म्हणून वाकवून करायच्या बंपरला 5052 किंवा 5083 हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू बरा. शिवाय ॲल्युमिनियमला पोलादी बोल्ट थेट लावले, तर खाऱ्या ओलाव्यात बोल्टभोवतीचे ॲल्युमिनियम झिजते. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बुश घालावेच लागतात.

स्टेनलेसबाबत मुंबईत फार गैरसमज आहेत. 202 प्रत स्वस्त पडते, पण तिच्यात निकेल कमी असल्याने किनाऱ्याच्या हवेत तिच्यावर तपकिरी डाग लवकर उमटतात. 304 त्याहून बरी टिकते, आणि क्षारांशी खरी झुंज मॉलिब्डेनम असलेली 316 देते. तेवढा खर्च करण्यापेक्षा एम.एस. नीट राखणे मला शहाणपणाचे वाटते. पेटीच्या आकाराच्या बंपरमध्ये दोन पत्रे एकमेकांवर चढतात त्या आतल्या सांध्यात पाणी साचते. बाहेरून झाळ ग्राइंडरने गुळगुळीत केलेली, वर काळे पावडर कोटिंग, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर त्याच कोपऱ्यातून तांबूस ओघळ उतरलेला, हे चित्र नेहमीचे आहे. तळाला पाणी निघायला भोके, आतून जस्तयुक्त प्राइमर आणि शक्य तिथे सलग झाळ, एवढे केले तर साधे पोलाद बरीच वर्षे निघते.

डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बार (गाडीच्या पुढे लावायचे धातूचे संरक्षक कठडे) हे मोटार वाहन कायदा 1988 च्या, गाडीतल्या बदलांवर बंधन घालणाऱ्या कलम 52 चे उल्लंघन ठरवून राज्यांना कारवाई करण्यास सांगितले. त्यामुळे रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला असा बंपर बसवण्याआधी आरटीओकडे विचारणा करणे भाग आहे. खासगी जागेतल्या ट्रॅकसाठी बनवायचा असेल, तर पत्र्याआधी चॅसिसकडच्या ब्रॅकेटचे गणित करावे. सुमारे 4,300 किलो ओढणाऱ्या विंचचा सगळा ताण त्या दोन ब्रॅकेटवर आणि 8.8 प्रतीच्या मोजक्या बोल्टवर येतो, आणि तिथे सहा ते आठ एम.एम.ची, ग्रेड माहीत असलेली प्लेटच वापरावी.