बॅटरीविना ठिणगी

गेल्या महिन्यात मी एक जुनी आउटबोर्ड मोटर चालू केली. होडीच्या मागच्या फळीवर अडकवायची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू होणारी. बघायला आलेल्या जवळपास प्रत्येकाने विचारलं, "हिची बॅटरी कुठे असते?" बॅटरी नाहीच म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न, "मग प्लगला करंट येतो कुठून?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण सिलिंडरमधलं पेट्रोल पेटवणारी ठिणगी प्लगवरच पडते, आणि हा लेख त्याच्याच उत्तरासाठी आहे. पण त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. वर्षानुवर्षं बंद असलेली मोटर म्हणजे झिजून संपलेली मोटर, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. अशा मोटरी बहुधा चालून नाही, पडून बिघडतात. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे उरलेला चिकट थर जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, बारीक भोक बुजवतो. मोटर थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या पंपातल्या इम्पेलरची रबरी पाती एकाच बाजूला वाकून तशीच कडक होतात. खालच्या गिअरच्या घरात सील सुकून पाणी शिरतं आणि तेल दुधाळ होतं. पिस्टन अडकला असेल तर प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडायचं, दोन दिवस थांबायचं आणि फ्लायव्हील हाताने थोडं पुढे, थोडं मागे करत राहायचं. पिस्टन सुटला आणि प्लगच्या भोकावर दाबून धरलेला अंगठा दोन्ही सिलिंडरनी जोरात उडवला, की मोटर जगणार असं समजायला हरकत नाही.

आता ठिणगीकडे. मोटरीच्या डोक्यावरचं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. ते काढताना शाफ्टवर हातोडा मारायचा नाही, पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) लावायचा. चाक उचललं की त्याच्या आतल्या कडेला बसवलेला लोहचुंबक दिसतो. खाली स्थिर पाटावर पातळ लोखंडी पत्र्यांचा गाभा असतो आणि त्यावर कॉइल. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात: आत जाड तारेचे शे-दोनशे वेढे, बाहेर केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. या सगळ्याला मॅग्नेटो म्हणतात. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आणि स्वतंत्र पॉइंट.

तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक नेला की वीज निर्माण होते, हे फॅरेडेने 1831 साली दाखवलं. शाळेत आपण गॅल्व्हानोमीटरचा काटा हललेला पाहिलेला असतो. पण काटा हलणं वेगळं आणि ठिणगी उडणं वेगळं. साध्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला सुमारे 3000 व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात त्याहून बरेच जास्त. हाताने दोरी ओढून चाक मिनिटाला जेमतेम काही शे फेऱ्यांच्या वेगाने फिरतं. नुसता चुंबक फिरवून एवढा विद्युत दाब (व्होल्टेज) मिळत नाही. म्हणून मॅग्नेटो एक युक्ती करतो, आणि ती मला अजूनही थक्क करते.

पॉइंट म्हणजे धातूची दोन छोटी टोकं, एकमेकांना टेकलेली. टेकलेली असताना जाड तारेच्या गुंडाळीचं वर्तुळ पूर्ण होतं आणि तिच्यात प्रवाह वाहतो. लेन्झचा नियम आठवा: हा प्रवाह स्वतःला निर्माण करणाऱ्या बदलालाच विरोध करतो. चुंबक पुढे सरकला, गाभ्यासमोर त्याचा दुसरा ध्रुव आला, म्हणजे गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र आता उलटायला हवं. पण गुंडाळीतला प्रवाह जुनं क्षेत्र धरून ठेवतो. गलोलीचं रबर ताणून धरावं तसं. प्रवाह ऐन भरात असताना शाफ्टवरचा कॅम, म्हणजे उंचवटा, पॉइंट उघडतो. प्रवाह तुटतो आणि ताणलेलं क्षेत्र एका झटक्यात उलटतं. जाड गुंडाळीत काही शे व्होल्ट उसळतात, आणि बारीक तारेचे वेढे कित्येक पटींनी जास्त असल्यामुळे तिथे दहा हजारांच्या वर. हेच प्लगला जातं. मिनिटाला 4000 फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरसाठी हे सेकंदाला सुमारे 67 वेळा घडतं.

यात कंडेन्सरचं, म्हणजे क्षणभर वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचं, काम लोकांना कळत नाही, म्हणून जरा खोलात जातो. पॉइंट उघडायला लागतात त्या क्षणी त्यांच्यातली फट अतिशय बारीक असते. ते काही शे व्होल्ट तिथूनच उडी मारतील, पॉइंटवरच ठिणगी पडेल आणि प्रवाह तुटण्याऐवजी रेंगाळेल. पॉइंटला समांतर जोडलेला कंडेन्सर तेवढ्या क्षणापुरता प्रवाह स्वतःत घेतो. तोवर फट पुरेशी रुंदावते. कॉइलमधली चुंबकीय ऊर्जा कंडेन्सरमध्ये विद्युत ऊर्जा होऊन भरते, आणि गुंडाळीतला कमाल दाब ठरतो तो इंडक्टन्स (गुंडाळीची चुंबकीय ऊर्जा साठवण्याची क्षमता) भागिले कपॅसिटन्स (कंडेन्सरची वीज साठवण्याची क्षमता) याच्या वर्गमुळाला तुटलेल्या प्रवाहाने गुणून. म्हणजे कंडेन्सर फार मोठा झाला तर दाब घटतो, फार लहान झाला तर पॉइंट जळतात. म्हणून हाताला लागेल तो कंडेन्सर बसवू नये.

माझ्या मोटरीला ठिणगी नव्हती, कारण पॉइंटवर ऑक्साइडचा करडा थर चढला होता. दोरी ओढताना जाड गुंडाळीत दाब इतका कमी असतो की तो थर भेदला जात नाही. प्रवाहच नाही, मग तुटणार काय? बारीक पॉलिश पेपरने टोकं घासली, मग स्पिरिटमध्ये भिजवलेला जाड कागद त्यांच्यामधून ओढला. बोटाचं तेलसुद्धा तिथे चालत नाही. नंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने) फट लावली, अर्धा मिलिमीटर. ही फट म्हणजे वेळेचीच मापणी असते: जास्त ठेवली तर पॉइंट लवकर उघडतात, कमी ठेवली तर उशिरा, आणि दोन्ही वेळा प्रवाहाचा ऐन भर हुकतो. एका कॉइलचं आवरण तडकलं होतं, ती बदलावीच लागली.

दोरी झटक्याने का ओढायची, हेही यातूनच कळतं. कॉइलमधला दाब चुंबकाच्या वेगावर ठरतो. हळू ओढलेल्या दहा दोऱ्यांपेक्षा झपकन ओढलेली एक दोरी कामाची.

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. पेट्रोलच्या नळीभोवती चुंबक बांधला की इंजिन जास्त ताकद देतं आणि इंधन वाचतं, असं सांगून काही लोक ते विकतात. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण असतो की त्याच्या जळण्यात काहीही फरक पडत नाही. चुंबकाची खरी करामत फ्लायव्हीलखाली आहे. ती पैसे न देता बघायला मिळते आणि मोजताही येते. उच्च दाबाचा मॅग्नेटो बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 मध्ये साकारला. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत आजही बहुधा दोन मॅग्नेटो असतात, कारण विमानाची सगळी वीज गेली तरी इंजिन चालू राहायला हवं.

बाकीचं काम लवकर झालं. जेट साफ केले, इम्पेलर नवा घातला, गिअरचं तेल खालच्या भोकातून वर चढवत भरलं, म्हणजे हवा आत अडकत नाही. पेट्रोलच्या 24 भागांना तेलाचा 1 भाग, कारण या मोटरीत तेलाची वेगळी टाकी नाही; बेअरिंगला मिळतं ते मिश्रणातलंच. मग मोटर पाण्याच्या पिंपात उभी केली. पाण्याबाहेर चालवली तर नवा इम्पेलर काही क्षणांत करपतो.

चौथ्या दोरीला ती लागली. आधी एका सिलिंडरवर अडखळत, मग दोन्हीवर. निळसर धूर निघाला, पिंपातलं पाणी घुसळलं गेलं. पाच मिनिटांनी मी बंद करायचं बटण दाबलं. हे बटण वर्तुळ तोडत नाही, जोडतं: जाड गुंडाळी मोटरीच्या धातूच्या अंगाशी थेट जोडली जाते (‘अर्थिंग’ होतं), पॉइंट उघडले तरी प्रवाह तुटत नाही आणि ताणलेलं क्षेत्र सुटतच नाही. चाक आणखी काही फेऱ्या फिरलं आणि थांबलं.