पोटातले जिवाणू आणि हृदय: दाव्यामागचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आता औषधाच्या दुकानात प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणूंच्या, पुड्या सहज मिळतात. पचनासाठी घेतात तसं 'हृदयाला चांगलं' म्हणूनही घेणारे आहेत. ही कल्पना बाजाराने काढलेली नाही, ती बरीच जुनी आहे.

१९०५ मध्ये जिनिव्हात वैद्यक शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने बल्गेरियातल्या दह्यातला जिवाणू शोधून काढला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एली मेचनिकोव्ह यांनी तो विषय हाती घेतला. मोठ्या आतड्यात अन्न कुजून विषं तयार होतात, त्यांनी रक्तवाहिन्या कडक होतात आणि म्हातारपण लवकर येतं, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यावर उपाय म्हणून ते स्वतः आंबवलेलं दूध पीत. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. दह्याच्या जाहिरातीत ते नोबेल ओढून आणतात, ते बरोबर नाही. तरीही आतडं आणि रक्तवाहिन्या यांचा संबंध त्यांनी इतक्या आधी ताडला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढची महत्त्वाची नोंद १९७४ ची, आफ्रिकेतल्या मसाई लोकांची. जॉर्ज मान यांच्या प्रयोगात त्यांना भरपूर आंबवलेलं दूध दिलं. वजनं वाढली, पण कोलेस्टेरॉल उतरलं. त्याचं एक कारण नंतर पुढे आलं: काही जिवाणू आतड्यातले पित्तक्षार फोडतात, आणि नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं.

खरी कलाटणी २०११ ची. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅनली हेझन यांच्या गटाने दाखवलं की अंडी आणि मटणातल्या काही घटकांपासून आतड्यातले जिवाणू एक वायू तयार करतात आणि यकृत त्याचं टीएमएओ नावाचं रसायन बनवतं. २०१३ मध्ये त्यांनी ४,००७ रुग्णांचा तीन वर्षांचा अभ्यास मांडला. ज्यांच्या रक्तात टीएमएओ सर्वांत जास्त, त्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका टीएमएओ सर्वांत कमी असणाऱ्यांच्या अडीच पट होता. निरोगी माणसांना अंडी खायला देऊन सोबत अँटिबायोटिक दिल्यावर हे रसायन जवळजवळ नाहीसं झालं, औषध थांबवल्यानंतर परत आलं. म्हणजे ते जिवाणूंचंच काम, यात शंका उरली नाही. मात्र टीएमएओ हेच रोगाचं कारण की नुसती खूण, हा वाद मिटलेला नाही. समुद्राच्या मासळीत तर ते मुळातच असतं.

दुसरीकडे तंतुमय अन्नाचा अभ्यास झाला. आपल्याला न पचणारे तंतू जिवाणू पचवतात आणि त्यातून निघणारी आम्लं रक्तदाबावर परिणाम करतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं.

आणि प्रत्यक्ष प्रोबायोटिकचं काय? २०१४ मध्ये नऊ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी साडेतीन अंकांनी उतरलेला दिसला. परिणाम ठळक होता तो मात्रा मोठी असेल किंवा आठ आठवडे तरी घेतलं असेल तेव्हा. भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वेष्टनावर जिवाणूचा नेमका वाण आणि मुदत संपेपर्यंत जिवंत राहणारी संख्या लिहायला हवी. एका वाणाचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही. घरच्या विरजणात कोणता वाण आहे हे कुणीच मोजलेलं नसतं.

आपल्याकडची आंबील या संदर्भात पाहण्यासारखी आहे. जोंधळ्याचं किंवा नाचणीचं पीठ रात्री आंबवायचं, सकाळी शिजवायचं, गार झाल्यावर ताक घालायचं. शिजवताना आंबवणारे जिवाणू मरतात, जिवंत राहतात ते वरून घातलेल्या ताकातले. त्यामुळे ताक गरम आंबिलीत ओतू नये. धान्यातले तंतू मात्र शिजूनही टिकतात, आणि ते आधीच पोटात असलेल्या जिवाणूंचं खाद्य होतात. माझ्या मते आंबिलीचं मोल ताकाइतकंच या तंतूंतही आहे. फक्त मीठ हात राखून घालावं, नाहीतर रक्तदाबाला जो काही फायदा असेल तो तिथेच संपतो. बीपीची गोळी तर आंबिलीच्या भरवशावर अजिबात बंद करू नये. नऊ चाचण्यांचा पुरावा तेवढा मोठा नाही.