ब्रेकच्या नटाला फटीतून लागणारा गंज

‘आपल्याकडं कुठं समुद्र आहे गंज चढायला?’ परभणी-जालन्याकडच्या गॅरेजांत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. वैशाखातल्या कोरड्या हवेपुरतं ते खरं आहे. पण लोखंडी ब्रेक पाइप रबरी होजला जिथं जोडतो, तिथला नट चाकाच्या आतल्या बाजूला असतो आणि मृग लागला की चिखलात माखतो. आपली काळी माती पाणी थरांमध्ये धरून ठेवते. रस्ता सुकतो, वरचा पापुद्रा सुकतो, नटाभोवती ओल मात्र राहते.

आता गंज नेमका कसा खातो ते पाहू. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज, हे शाळेत शिकलो. त्यावरून वाटतं, जिथं ऑक्सिजन जास्त तिथं लोखंड जास्त झिजेल. घडतं उलटं. केंब्रिजचे गंजाचे अभ्यासक यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात हे मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात दाखवलं. पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन (हायड्रॉक्साइडनं गुलाबी होणारं) आणि पोटॅशियम फेरिसायनाइड (विरघळलेल्या लोखंडानं निळं होणारं) मिसळून तो थेंब घासलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवायचा. थोड्या वेळानं कडेला गुलाबी रंग येतो, मधोमध निळा. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, तो इलेक्ट्रॉन घेतो आणि हायड्रॉक्साइड तयार होतो, म्हणून गुलाबी. हे इलेक्ट्रॉन येतात मधल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या भागातून. तिथं लोखंड आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होऊन पाण्यात उतरतं, म्हणून निळा. तांबूस गंजाचं कडं या दोन्हींच्या मध्ये साठतं. म्हणजे गंज दिसतो एकीकडं आणि खड्डा पडतो दुसरीकडं.

नट आणि पाइप यांच्यामधली बारीक फट म्हणजे या थेंबाचा मधला भाग. आतला ऑक्सिजन लवकर संपतो, बाहेरचा संपत नाही. फटीत लोखंडाचे धन आयन साचतात आणि ते बाहेरचे, मिठातले ऋण क्लोराइड आयन आत ओढतात. लोहआयनांची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन आयन सुटतात, आम्लता वाढते, लोखंड आणखी वेगानं विरघळतं, आणखी क्लोराइड आत येतं. मचूळ बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की हे क्लोराइड आपणच पुरवतो. पाइप जेमतेम ४.७५ मिलिमीटर जाडीचा, त्याची भिंत सुमारे ०.७ मिलिमीटर. करकचून ब्रेक मारला की आत १०० बारच्या आसपास दाब येतो. फटीतला खड्डा इथं महागात पडतो.

कारखान्यात नटावर जस्ताचा मुलामा देतात. लोखंडापेक्षा जस्त इलेक्ट्रॉन सहज सोडतं, त्यामुळं आधी ते झिजतं. तारेच्या ब्रशनं घासून हा थर काढू नका. पावसाळा संपला की गोड्या पाण्यानं आणि नायलॉनच्या ब्रशनं फटीतली माती काढा, नट पूर्ण सुकवा, मग मेणयुक्त गंजरोधक फवारा. ओलीवर फवारलं तर ओल आत कोंडली जाते. जळकं ऑइल मारायची पद्धत सोडा. खनिज तेलानं ब्रेकचं रबर फुगतं.

बॅटरीला जोडून ‘विजेनं गंज थांबवणारी’ यंत्रं विकली जातात. त्या तत्त्वावर पाण्यात बुडालेलं जहाज किंवा जमिनीखालची पाइपलाइन वाचते, कारण सगळा धातू एकाच सलग वाहक माध्यमात असतो. रस्त्यावरच्या गाडीभोवती असं माध्यम नसतं, त्यावर पैसे घालू नका. अमावास्येला लिंबू-मिरची बांधल्यानंही नट वाचत नाही; त्याच दिवशी टॉर्च घेऊन गाडीखाली पाहिलं तर उपयोग होतो.

नट जाम असेल तर उघड्या पान्यानं जोर लावू नका, पाइप त्याच्याबरोबर पिळतो. नटाला चहूबाजूंनी धरणारा ब्रेक पाइपाचा पाना वापरा. पाइपावर खड्डे दिसले तर पॉलिश पेपर मारून रंग देऊ नका, पाइपच बदला. तांबे-निकेलचा मिळाला तर तो घ्या. नट मात्र बहुधा पोलादाचाच असतो, तेव्हा फटीची निगा सुटत नाही.