वॉन्टन वेस्ट कायदे

अमेरिकेतील आणि कॅनडातील शिकारविषयक नियमांचा एक गट. मारलेला प्राणी शोधून ताब्यात न घेणे किंवा त्याचे खाण्याजोगे मांस रानात कुजू देणे हा या नियमांनुसार गुन्हा ठरतो. ‘वॉन्टन वेस्ट’ म्हणजे बेपर्वाईने केलेली नासाडी. परवाना खिशात आहे, हंगाम चालू आहे, प्राणीही नियमात बसणारा आहे. तरी गोळी लागल्यावर शिकाऱ्याचे काम संपत नाही, खरे तर तिथूनच सुरू होते. हे बंधन सर्व प्राण्यांना मात्र नाही. कोणता प्राणी ‘वाया गेला’ म्हणायचा आणि कोणता नुसता ‘कमी झाला’, हे राज्याने त्याला कोणत्या यादीत घातले आहे यावर ठरते.

या कायद्यांमागे एकोणिसाव्या शतकातील कत्तलीची आठवण आहे. १८७०च्या दशकात कातडी कमावणाऱ्या कारखान्यांसाठी गवताळ मैदानांवर बायसन (गव्यासारखे रानबैल) मारले गेले. कातडे सोलायचे, जमल्यास जीभ कापून घ्यायची आणि बाकी सगळे धड तिथेच टाकायचे, अशी रीत होती. पुढे त्या मैदानांवरची हाडे गोळा करून खतासाठी विकणे हाच एक धंदा झाला. आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबुतर बाजारासाठी मारले जाऊन संपले; त्याची शेवटची मादी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. बेकायदा शिकारीच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घालणारा लेसी कायदा १९०० चा, स्थलांतरित पक्ष्यांचा संघीय कायदा १९१८ चा. आज संघीय नियमांनुसार बदक, हंस, होला यांसारखा शिकारयोग्य स्थलांतरित पक्षी मारला किंवा जायबंदी केला, तर तो शोधण्याचा वाजवी प्रयत्न करावाच लागतो. बाकी प्राण्यांबाबत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा.

सर्वांत काटेकोर कायद्यांपैकी एक अलास्काचा. तिथे मूस (अतिशय मोठे हरीण) किंवा कॅरिबू (रेनडिअर) मारल्यावर काय काय उचलायचे, हे अवयवांच्या नावानिशी लिहिले आहे. आपल्याकडच्या मटणवाल्याच्या भाषेत सांगायचे तर मागचे फरे, पुढच्या दस्त्या, चापा, सीना, गर्दन आणि पाठकण्यालगतचे मांस. डोके, आतडी-कोथळा, हाडे आणि गोळीने खराब झालेला भाग सोडला तरी चालतो. मोठ्या नर मूसचे मांसच सुमारे ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलो भरते. ते पाठीवर बांधून, दलदल तुडवत, अनेक खेपा करून तळापर्यंत आणायचे असते. म्हणूनच भल्यामोठ्या शिंगांवर डोळा ठेवून आलेला शिकारी नियमांच्या कचाट्यात सापडतो: मांस रानात ठेवून शिंगे आधी नेता येत नाहीत, ती फार तर शेवटच्या खेपेला. मागचे फरेसुद्धा न उचलणाऱ्याला दोषी ठरल्यास सलग सात दिवसांचा तुरुंग आणि २,५०० डॉलर दंड ही किमान शिक्षा आहे. मांस चोरीला गेले, अनपेक्षित वादळ आले किंवा दुसऱ्या जनावराने ते पळवले, तर सुटका आहे. केवळ थकवा हे कारण त्यात बसत नाही.

त्याच अलास्कात तपकिरी अस्वलाचे मांस बहुतेक ठिकाणी उचलावे लागत नाही. कातडे आणि कवटी आणली की झाले. म्हणजे ‘नासाडी’ कशाला म्हणायचे हे माणूस त्या प्राण्याचे काय वापरतो यावरून ठरते: मूसचे मांस, अस्वलाचे कातडे. ज्याचे काहीच वापरायचे नाही, त्याची नासाडीही होत नाही.

या तर्काचे टोक वायोमिंग राज्यात दिसते. तिथल्या कायद्यातील ‘परभक्षी प्राणी’ या व्याख्येत कायोटी (कोल्ह्या-लांडग्यामधला एक श्वानवर्गीय), लाल खोकड, रॅकून, स्कंक, भटके मांजर, साळिंदर आणि जॅकरॅबिट हा ससा आहे. ससा आणि साळिंदर हे दोघेही शाकाहारी, तेव्हा ही यादी प्राणिशास्त्राची नाही, पशुपालकांच्या तक्रारींची आहे. यांना मारायला परवाना नको, हंगाम नको आणि मारल्यावर उचलण्याचे बंधनही नाही. राज्याच्या सुमारे ८५ टक्के भूभागात करडा लांडगाही याच वर्गात मोडतो. २०२४ मध्ये तिथे एकाने स्नोमोबाइलने (बर्फावर चालणाऱ्या गाडीने) लांडग्याला चिरडून जायबंदी केले, तोंड चिकटपट्टीने बांधून त्याला जिवंतच दारूच्या गुत्त्यात नेले आणि नंतर मारले. सुरुवातीला त्याला झालेला दंड होता २५० डॉलर, तोही जिवंत वन्यप्राणी बाळगल्याबद्दल.

ही दृष्टी जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने लांडगा मारणाऱ्याला इनाम लावले ते १६३० मध्ये. विसाव्या शतकात केंद्र सरकारने पगारी शिकारी आणि विष वापरून ही मोहीम चालवली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले आणि १९९५ मध्ये कॅनडातून नवे आणून सोडावे लागले. अलीकडे वाद पेटतो तो कायोटी मारण्याच्या स्पर्धांवरून. सर्वाधिक किंवा सर्वांत जड कायोटी आणणाऱ्याला बक्षीस, आणि नंतर मेलेली जनावरे कचऱ्यात. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा बक्षिसांवर बंदी घातली, पुढे इतर काही राज्यांनीही. मॅसॅच्युसेट्सने २०१९ मध्ये स्पर्धांच्या बंदीबरोबरच नासाडीचा नियमही रुंदावला, तरी स्टार्लिंग (साळुंकीच्या कुळातला पक्षी), घरचिमणी, स्कंक अशांना त्यातून वगळलेच. घरचिमणी तिथे युरोपातून आणलेली, म्हणून नकोशी; आपल्याकडे तिच्यासाठी नाशिकच्या पक्षिप्रेमींच्या पुढाकाराने २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो.

भारतात चित्र उलटे आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने शिकार हा छंदच संपवला, त्यामुळे शिकारीचे मांस वाया घालवू नका असे सांगण्याचा प्रश्न उरला नाही. कलम ११ खाली उभ्या पिकाची नासधूस करणारे रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारण्याची परवानगी मिळू शकते. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, शेतकऱ्यांची ही जुनी मागणी आहे. पण कलम ३९ नुसार असा मारलेला प्राणी राज्य सरकारच्या मालकीचा. ज्याचे पीक गेले, त्याला त्या डुकराचा तुकडाही घरी नेता येत नाही. अलास्कातही रस्त्यावर गाडीखाली मेलेला मूस सरकारचाच, पण तिथे तो यादीतल्या गरजू कुटुंबांना आणि धर्मादाय संस्थांना खाण्यासाठी दिला जातो.

कलम ६२ खाली केंद्र सरकार ठरावीक प्रदेशापुरता आणि मुदतीपुरता एखादा प्राणी ‘उपद्रवी’ जाहीर करू शकते. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये रोही व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड असे जाहीर झाले. त्यावरून जून २०१६ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि त्यांच्याच मंत्रिमंडळातील मेनका गांधी यांच्यात उघड खडाजंगी झाली. राज्यांनी मागितले म्हणून परवानगी दिली, ही जावडेकरांची बाजू होती. उपद्रवी ठरलेल्या प्राण्याला कलम ३९ ची सरकारी मालकी लागू होत नाही. कावळा, उंदीर, घूस आणि फळे खाणारी वटवाघळे कायमची ज्या पाचव्या अनुसूचीत होती, ती २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाली. १ एप्रिल २०२३ पासून अशी कायमची यादी नाही, कलम ६२ मात्र आहे.