फर्स्ट पार्टी की थर्ड पार्टी? आधी ॲड्रेस बार बघा

‘फर्स्ट पार्टी कुकी चांगली, थर्ड पार्टी वाईट. थर्ड पार्टी ब्लॉक केली की ट्रॅकिंग संपलं.’ हे इतक्या ठिकाणी, इतक्या ठामपणे लिहिलेलं असतं की वाचून वाचून वीट आला. (ॲड्रेस बारमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत, जी साइट दिसते तिची कुकी फर्स्ट पार्टी; दुसऱ्या कुणाची असेल ती थर्ड पार्टी.) यातला पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा साफ चूक.

कुकी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असणारच. सर्व्हरने दिलेली, साधारण ४ केबीपर्यंतच्या मजकुराची चिठ्ठी. ब्राउझर ती जपतो आणि पुढच्या विनंत्यांबरोबर त्याच सर्व्हरला दाखवतो. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी ही सोय केली. ती प्रोग्रॅम नाही, व्हायरस तर नाहीच. कॅशे ही निराळी भानगड, तिथे चित्रं आणि फाइली साठतात. ‘कुकी-कॅशे क्लिअर करा’ असं एका दमात सांगणाऱ्यांमुळे लॉगिनची खूण असलेली कुकीही पुसली जाते आणि लोक उगाच सगळीकडून लॉगआउट होतात.

घोळ होतो तो पुढे. फर्स्ट पार्टी आणि थर्ड पार्टी या कुकीच्या दोन जाती नाहीत. तीच कुकी एका पानावर फर्स्ट पार्टी असते आणि दुसऱ्या पानावर थर्ड पार्टी. फेसबुकवर लॉगिन केलंत की फेसबुकच्या डोमेनची (साइटच्या पत्त्याची) कुकी बसते. ॲड्रेस बारमध्ये फेसबुक आहे तोवर ती फर्स्ट पार्टी. मग तुम्ही एखाद्या बातम्यांच्या साइटवर गेलात आणि त्या पानात फेसबुकवरची एक पोस्ट बसवलेली आहे. पोस्ट आणायला ब्राउझर फेसबुककडे विनंती धाडतो. कुकीवर ‘सेमसाइट=नन’ (परक्या पानावरूनही पाठवा, अशी खूण) असेल आणि ब्राउझरने अडवलं नाही, तर तीच कुकी विनंतीबरोबर जाते; विनंती कुठल्या साइटवरून आली हेही सहसा कळतं. पोस्टवर क्लिक करायचीसुद्धा गरज नाही.

आता ‘तीच साइट’ कशाला म्हणायचं? नुसतं शेवट सारखा असून भागत नाही. भूलेख आणि डिजिटल सातबारा या दोन्हींच्या पत्त्यात शेवटी ‘महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ येतं, म्हणून ब्राउझरच्या लेखी ती एकच साइट. आपले सरकार पोर्टल मात्र ‘महाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन’वर आहे. दोन्ही सरकारी, दोन्ही ‘गव्ह डॉट इन’, तरीही परस्परांना परकी. कारण ‘गव्ह डॉट इन’, ‘को डॉट इन’ ही सामायिक शेपटं आहेत, त्यांची यादी ब्राउझरकडे असते आणि शेपटाच्या अलीकडचा एक शब्द धरूनच साइट ठरते.

पडताळायचं असेल तर काँप्युटरवर क्रोममध्ये एफ १२ दाबा, ‘ॲप्लिकेशन’ टॅब, डावीकडे ‘कुकीज’. तिथला ‘डोमेन’ रकाना ॲड्रेस बारशी ताडून बघा. वरच्या नियमाने साइट जुळली नाही ती थर्ड पार्टी.

इथेच बहुतेकांचा दुसरा पाय घसरतो. त्या यादीत ‘_जीए’ (_ga) नावाची कुकी बऱ्याचदा दिसेल, आणि तिचं डोमेन साइटचं स्वतःचं असेल. ही गूगल ॲनालिटिक्सची, म्हणजे साइटवरची वर्दळ मोजणाऱ्या गूगलच्या सेवेची. तिची स्क्रिप्ट (पानात चालणारा छोटा प्रोग्रॅम) गूगलच्या सर्व्हरवरून येते, पण चालते साइटच्या पानात, त्यामुळे कुकी साइटच्या नावावर बसते. आत एक यादृच्छिक आकडा आणि पहिल्या भेटीची वेळ. प्रत्येक पान उघडलं की स्क्रिप्ट तो आकडा वाचते आणि गूगलला पाठवलेल्या विनंतीत घालते. म्हणजे कुकी फर्स्ट पार्टी, माहिती थर्ड पार्टीकडे. थर्ड पार्टी कुकी ब्लॉक करून हिला धक्काही लागत नाही. मेटा पिक्सेलची (फेसबुकच्या कंपनीच्या अशाच स्क्रिप्टची) ‘_एफबीपी’ याच पठडीतली, मुदत ९० दिवस.

मग दोन्ही सारख्याच का? नाही, आणि खरा फरक हाच. ‘_जीए’चा आकडा प्रत्येक साइटवर वेगळा पडतो. बुटांच्या दुकानातला तुमचा आकडा आणि औषधांच्या दुकानातला आकडा, नुसते आकडे बघून कुणाला जोडता येत नाहीत. थर्ड पार्टी कुकीचा आकडा दोन्हीकडे तोच, जोडणी आयतीच होते. पण दोन्ही दुकानांत तुम्ही तोच मोबाइल नंबर दिलात आणि त्यांनी तो हॅश करून (ठरावीक सूत्राने सांकेतिक रूप देऊन; तोच नंबर, तेच रूप) जाहिरात कंपनीला पाठवला, तर कुकीशिवायही जोडणी झालीच. त्यामुळे ‘फर्स्ट पार्टी डेटा, म्हणून प्रायव्हसी-फ्रेंडली’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो: नंबर कुणाला देता?

थर्ड पार्टी ब्लॉक करू नका असं नाही. जरूर करा. सफारी २०२० पासून ती सरसकट अडवते, फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटसाठी कुकींचा वेगळा डबा ठेवतो. क्रोमने २०२० मध्ये गाजावाजा करून ती बंद करायचं जाहीर केलं आणि पुढे तो बेत सोडला. तिथे सेटिंग तुम्हालाच बदलायचं आहे, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये. एखाद्या साइटमधलं एम्बेड केलेलं (दुसऱ्या साइटचं, आत बसवलेलं) लॉगिन बिघडलं तर तेवढ्या साइटला अपवाद द्या, सगळं उघडू नका. आणि ‘ही साइट कुकीज वापरते’ याखाली नुसतं ‘ओके’ असलेली पट्टी? ती संमती नव्हे, शोभेची वस्तू आहे. नकार देणं होकाराइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला होता.

साइट बांधणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. पैसे कापले जातात, बँकेच्या पानावरून ग्राहक दुकानात परततो आणि लॉगआउट झालेला असतो. ॲड्रेस बारमध्ये दुकानच आहे, पण पोस्ट विनंती (फॉर्मसारखी, माहिती सोबत नेणारी) निघाली ती परक्या पानावरून, म्हणून ‘लॅक्स’ कुकी सोबत येत नाही. लॅक्स ही सेमसाइटची मधली पातळी: परक्या पानावरून साध्या लिंकने आलात तर कुकी येते, पोस्टने आलात तर नाही. सेमसाइट लिहिलंच नसेल तर क्रोम २०२० पासून लॅक्सच धरतो, फक्त २ मिनिटांच्या आतल्या ताज्या कुकीला अशा पोस्टमध्ये सूट देतो. तुम्ही टेस्ट करताना झटपट पैसे भरता, सगळं चालतं. ग्राहक ओटीपीची वाट बघतो, त्याचं फिसकटतं. यावर सरसकट ‘नन’ लावणं हा आळशी उपाय. परतीच्या पत्त्यावर सेशन सुरूच करू नका, नाहीतर नवी कुकी जुनीला पुसते. ऑर्डर नंबर आणि सोबत आलेली डिजिटल सही तपासा, नोंद करा आणि ३०३ (‘आता त्या पानावर जा’ असा सर्व्हरचा संकेत) देऊन ऑर्डरच्या पानावर पाठवा. ती गेट विनंती (नुसतं पान मागणारी) असल्याने लॅक्स कुकी तिच्याबरोबर येते. ‘स्ट्रिक्ट’ ही सगळ्यात कडक पातळी लावली असेल तर कुकी तेव्हाही येणार नाही.